सहलीआधीची झोप

‘आता एकदम पुढच्या वर्षी भेटू,’ असं डॉक्टर म्हणाले ते शुक्रवारी. रविवार उजाडला तरी घरात कुणालाच ते पुरतं पचलेलं नव्हतं. आनंद झाला होता, पण त्याचं नेमकं काय करायचं हे कुणाला सुचत नव्हतं. दवाखान्यातून परत येताना थोरल्या मुलाने, लांबूने, गाडीची काच खाली केली होती. आईने ‘वारं लागेल’ म्हणायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. एवढाच काय तो समारंभ.

वाट काढली ती आत्याने. ती बाबांची धाकटी बहीण. गावातली बस चालवायची, त्यामुळे एकदा निघालं की थांब्याशिवाय थांबायचं नाही, हा तिचा घरातलाही नियम. नवरा मालवाहू बोटीवर, बराचसा काळ समुद्रावर. रविवारी दुपारी ती आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आली, भावाच्या स्वयंपाकघरातलं टेबल तिने फडक्याने पुसलं आणि सगळ्यांना हाक मारली.

“सुट्टी लागली की तीन दिवस शहरात जायचं. सगळ्यांनी. मी रजा टाकलीय, तेव्हा नाही म्हणायची सोय नाही.”

“शहरात?” बाबांनी विचारलं. ते खिडक्यांना काचा बसवायचे. डाव्या अंगठ्यावरची चिकटपट्टी सोलत ते बसले होते.

“नाहीतर काय शेजारच्या गल्लीत? दोन वर्षं झाली दादा, तुम्ही चौघं कुठे म्हणून गेला नाहीत.”

ते खरं होतं. दोन वर्षांपूर्वी, पंधराव्या वर्षी, लांबू पोहण्याच्या तलावाच्या पायऱ्यांवर कोसळला होता. तो फिटचा पहिला झटका. पुढचे काही महिने वाईट गेले. शाळेत एक, बाथरूममध्ये एक, रात्री झोपेत दोन. मग औषध लागू पडलं आणि झटके थांबले, ते थांबलेच. लांबू सतरा वर्षांचा झाला, दाराच्या चौकटीला डोकं टेकेल इतका वाढला. घर मात्र त्या पायऱ्यांवरच बसून राहिलं होतं.

“मला चालेल,” लांबू म्हणाला.

“मला पळेल,” शंकासूर म्हणाला. आत्याच्या मुलाला हे नाव त्याच्या मामीनेच ठेवलेलं. तो चालायच्या आधी प्रश्न विचारायला शिकला, असं ती म्हणायची.

लांबूची धाकटी बहीण खारू चौदा वर्षांची. खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती आणि संत्र्याची साल न तोडता काढायचा प्रयत्न करत होती.

आत्याने फोनवर शहराचा नकाशा उघडला. “पहिल्या दिवशी नदीतली बोट.”

“बोटीचे कठडे बुटके असतात,” आई म्हणाली.

“बरं. मनोरा. वरून सगळं शहर दिसतं.”

“पायऱ्या किती असतात त्याला.”

“लिफ्ट आहे, वहिनी.”

“लिफ्ट अडकते.”

“मामी, लिफ्ट अडकली तर आतली माणसं शू कुठे करतात?” शंकासुराने विचारलं.

“तू गप्प बस,” आत्या त्याला म्हणाली. “बरं, मनोरा राहू दे. मुलांना भुयारी रेल्वेत तरी बसवू.”

“फलाटावर केवढी गर्दी. त्यात मागून धक्का लागला म्हणजे.”

आत्याने फोन टेबलावर पालथा ठेवला. “मग असं करू या, तीन दिवस बाकावर बसून राहू. अर्थात बाकही जमिनीपासून थोडा उंच असतोच.”

बाबा हसले. मग बायकोकडे बघून त्यांनी हसू आवरलं. “अगं, डॉक्टर काय म्हणाले? जपा, पण बांधून ठेवू नका.”

“डॉक्टर त्यांच्या घरी झोपतात,” आई म्हणाली.

तिला स्वतःलाही आपला स्वर आवडला नाही. तिचं काम लोकांचे कान तपासण्याचं. आवाजबंद खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि काचेपलीकडून बारीक बारीक आवाज सोडायचे. ऐकू आलं की त्याने बोट वर करायचं. आवाज कमी कमी करत नेला की माणसांचे चेहरे कसे होतात ते तिला ठाऊक होतं. आवाज नसतानाही ती ऐकू लागतात, नसलेल्या आवाजाला बोट वर करतात. दोन वर्षं तिचं तेच झालं होतं. कामावर, जिन्यात, भाजी चिरताना, कुठेतरी काहीतरी धपकन पडल्याचा भास. ती उठून बघून यायची. दर वेळी काही नसायचं, आणि म्हणून पुढच्या वेळी उठायचं थांबायचं, असं काही होत नव्हतं.

“मला बोट नको,” लांबू म्हणाला. “मनोराही नको. मला एक दुपार हवी.”

“म्हणजे?”

“एक दुपार एकट्याने फिरायचंय.”

“कुठे?”

“ते ठरवलेलं नाही. ठरवलं तर मग काय मजा. कुठल्याही गाडीत बसेन, वाटेल तिथे उतरेन, काहीतरी खाईन, परत येईन. कुणी माझ्याकडे बघत नाहीये, असं जरा चालायचंय.”

आत्याला त्याच्या बाजूने बोलायचं होतं. पण आता आपण बोललो तर वहिनी सहलीवरच काट मारेल, हे ओळखण्याइतकी ती हुशार होती. बस वळवायची तर आधी वेग कमी करावा लागतो. तिने भावाकडे पाहिलं.

“फोन चालू ठेवशील?” बाबांनी विचारलं.

“ठेवीन.”

“गोळी?”

“खिशात. बाबा, मी सतरा वर्षांचा आहे. आणि रात्री जागरण करणार नाही, तलावात उतरणार नाही, फलाटाच्या कडेला उभा राहणार नाही. मला सगळं पाठ आहे.”

शेवटी आई म्हणाली, “ठीक आहे. जा. खारू येईल बरोबर.”

आत्याने सुटकेचा निःश्वास टाकला. बाबांनी मान डोलावली. लांबूने तोंड वाकडं केलं, पण अगदीच काही नसल्यापेक्षा हे बरं, असा हिशेब त्याने मनाशी केला असावा, कारण तो म्हणाला, “चालेल. फक्त तिने दहा पावलं मागून चालायचं.”

“मी नाही जाणार,” खारू म्हणाली.

तिने ते इतक्या शांतपणे म्हटलं, की आधी कुणाला कळलंच नाही.

“कुठे नाही जाणार?”

“त्याच्याबरोबर. आणि बरोबर जायचंच असेल तर मी सहलीलाच येत नाही. मी मैत्रिणीकडे राहीन. तिची आई नाही म्हणणार नाही.”

आता सगळ्यांचा रोख एकदम फिरला. मघापर्यंत आत्या एका बाजूला आणि आई दुसऱ्या बाजूला होती. आता दोघी एकाच बाकावर येऊन बसल्या.

“खारू, हे काय वागणं?” आत्या म्हणाली. “एवढं मोठं संकट टळलं, आणि तुला भावासोबत एक दुपार घालवता येत नाही?”

“तुला कुणी काय जन्माचं काम सांगितलंय का?” आई म्हणाली. “एका दुपारचा प्रश्न आहे.”

खारूने संत्रं खाली ठेवलं. साल मधेच तुटली होती. “एका दुपारचा,” ती म्हणाली, आणि उठून आत गेली. दार आपटलं नाही. त्यामुळे तर आईला जास्तच राग आला.

“जाऊ दे तिला,” लांबू म्हणाला. “मला कुणी नकोच होतं.”

“तू मधे बोलू नकोस,” बाबा म्हणाले.

*

आतली खोली दोघा भावंडांची. दोन पलंग, मधे एक बुटकं कपाट. खारू आपल्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली. तिला रडू येत नव्हतं. रडायलाही जराशी ताकद लागते.

तलावाच्या पायऱ्यांवर त्या दिवशी तीच त्याच्या मागे होती. बारा वर्षांची. टॉवेलवरून त्याची थट्टा करत होती, आणि तो वळून काहीतरी बोलणार तेवढ्यात पडला. त्यानंतर कुणी तिला असं बसवून सांगितलं नव्हतं की, तू लक्ष ठेव. पण दुकानात पाव आणायला तो निघाला की आई म्हणायची, खारू, तूही जा. तो मित्राकडे निघाला की, खारू, तुला नाही का जायचं. बाथरूममध्ये त्याला वेळ लागला की, खारू, बघ गं जरा. तिच्या मैत्रिणींनी तिला संध्याकाळी बोलवायचं सोडून दिलं होतं. आणि रात्री मधल्या कपाटापलीकडे त्याचा श्वास. त्याचं तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच तिला वाटलं नव्हतं.

दार थोडं उघडलं. शंकासूर आत आला आणि लांबूच्या पलंगावर चढून बसला.

“खारूताई, तुला का नाही यायचं?”

“मी थकलेय.”

“पण सहल अजून झालीच नाही.”

“ते खरंय.”

त्याने विचार केला. “तुला शहरात काहीच बघायचं नाहीये?”

“मला एका खोलीत पलंग हवाय,” खारू म्हणाली, “आणि त्या खोलीत दुसरं कुणी नको. मी तीन दिवस झोपेन.”

“झोप तर इथेही येते.”

“इथे नाही येत.”

शंकासुराला हे उत्तर समाधानकारक वाटलं असावं. तो पलंगावरून उतरला आणि स्वयंपाकघरात गेला. तिथे आत्या दबक्या आवाजात म्हणत होती, “वय आहे वहिनी, या वयात सगळ्या अशाच,” आणि आई चहाचे कप नको तितक्या जोराने विसळत होती.

“तिला सहलीला यायचंय,” शंकासुराने जाहीर केलं. “तिला तिथे जाऊन झोपायचंय. इथे तिला झोप येत नाही.”

“झोप येत नाही म्हणजे?” आत्याने विचारलं.

“ते मी विचारलं नाही,” शंकासूर म्हणाला. त्याच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडत होतं.

आईच्या हातात कप तसाच राहिला. नळ वाहत होता. बाबांनी उठून तो बंद केला. आईने कप ठेवला, हात पदराला पुसले आणि ती आतल्या खोलीकडे गेली.

*

“सरक,” ती म्हणाली.

खारू सरकली. आई पलंगाच्या कडेला बसली. ती ओरडायला आलेली नाही हे खारूला तिच्या बसण्यावरूनच कळलं, आणि तेच तिला जड गेलं.

“रात्री जागी असतेस?”

खारू चादरीचा धागा ओढू लागली.

“खरं सांग.”

“अख्खी रात्र नाही. तो कूस बदलतो ना, तेव्हा जाग येते. मग तो नीट श्वास घेतोय की नाही बघते. मग झोपते. मग तो परत कूस बदलतो.”

“कधीपासून?”

“रात्री झटका आला होता ना, तेव्हापासून. तेव्हा मी झोपले होते. तू धावत आलीस, तेव्हा मला जाग आली. मी शेजारी असून मला कळलंच नव्हतं.”

आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. पोरगी किती बारीक झाली आहे, हे गेल्या दोन वर्षांत आपल्या हाताला कसं समजलं नाही, याचं तिला आश्चर्य वाटलं. दररोज अनोळखी माणसांचे कान तपासायचे, अगदी बारीक आवाजाचीसुद्धा नोंद घ्यायची, आणि भिंतीपलीकडे आपली मुलगी जागी आहे हे ऐकू आलं नाही. ऐकायचं होतं ते फक्त एकाचंच.

“मीही जागी असते,” ती म्हणाली. “त्याने कूस बदलली की त्याचा पलंग करकरतो. मी पलीकडे उठून बसते.”

खारू वळली. “तू पण?”

“हो.”

“मग आपण दोघी कशाला जागतो?” खारू म्हणाली. “एकीने झोपायचं की.”

आईला हसू आलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. तिने ते पुसले नाहीत.

“तुम्हा दोघींना वाटतं मी कूस बदलतो,” दारातून लांबू म्हणाला. तो केव्हा येऊन उभा राहिला, कुणाला कळलं नव्हतं. “मी बदलतच नाही. बदलावीशी वाटली तरी तसाच पडून राहतो. पलंग करकरला की ही श्वास रोखते, ते ऐकू येतं मला. आणि पलीकडे तू दिवा लावतेस, तो फटीतून दिसतो. अंग अवघडलं, अगदीच सहन होईना झालं, की मगच वळतो.”

खारू उठून बसली. “तू झोपलेला नसतोस?”

“तुम्ही झोपू द्याल तर ना.”

“अरे, डॉक्टरांनी तुला झोप मोडू नको म्हणून सांगितलंय,” आई म्हणाली. “तेवढी एकच गोष्ट तर पाळायची होती.”

“तेच तर.”

लांबूच्या मागे बाबा येऊन उभे होते, आणि बाबांच्या मागे आत्या, आणि आत्याच्या काखेखालून शंकासुराचं डोकं.

“म्हणजे या घरात रात्री झोपतं तरी कोण?” शंकासुराने विचारलं.

“मी,” बाबा म्हणाले. अपराधी चेहऱ्याने. “मला काहीच माहीत नव्हतं. मी आडवा झालो की गेलोच.”

सगळ्यांत आधी आत्या हसली. तिचं हसणं म्हणजे बसचा हॉर्न, अडवायचं कुणी? मग खारू, मग लांबू. बाबांना आपण हसावं की नाही हे कळेना, म्हणून ते चौकटीला टेकून उभे राहिले. आई मात्र हसली नाही. ती लांबूकडे बघून म्हणाली, “तू एकट्याने जाशील त्या दुपारी.”

“खरंच?”

“निघाल्यावर एकदा फोन करायचा आणि पोचल्यावर एकदा. मधे मी करणार नाही.”

“तू करशीलच,” लांबू म्हणाला.

“करेन. पण तू उचलू नकोस,” आई म्हणाली. “निघताना मी परत सांगेन, उचलू नकोस म्हणून.”

“वहिनी, तुझा फोन मी माझ्या पिशवीत ठेवते,” आत्या म्हणाली. “आणि खोल्यांचं मी सांगते. लांबू आणि दादा एका खोलीत. दादा घोरतो, त्यामुळे पलंग करकरला तरी कुणाला ऐकू यायचं नाही. आपण तिघं एका खोलीत, तू, मी आणि हा शंकासूर. आणि खारूला वेगळी.”

“एकटीला?” आईने सवयीने विचारलं. मग खारूच्या तोंडाकडे बघून म्हणाली, “एकटीला. दाराला आतून कडी लाव, म्हणजे झालं.”

“मी घोरत नाही,” बाबा म्हणाले.

“पण ते झालं तीन दिवसांचं,” लांबू म्हणाला. “परत आल्यावर?”

यावर बाबाच बोलले. काचेचं माप घेताना बोलायचे तसे, हळू आणि एकदाच. “बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ जागा आहे. तिथे एक काचेची भिंत घालून देतो, दुधी काचेची. उजेड जाईल, आवाज जाणार नाही. खारूची खोली तिथे. हे काम दोन वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.”

“त्यात कपाट मावेल?” खारूने विचारलं.

“मावेल.”

“लहान कपाट. मोठं नको.”

“लहान.”

*

मग सगळी पुन्हा टेबलाशी आली आणि सहल पहिल्यापासून ठरू लागली. या खेपेला आईने कशावर काट मारली नाही. अधूनमधून फक्त ओठ घट्ट मिटले. आत्याला नदीवर जायचं होतं, शंकासुराला देवमाशाचा सांगाडा बघायचा होता. देवमाशाला एवढी हाडं लागतातच कशाला, पाण्यात तर तसाही तरंगतो, असा त्याचा मुद्दा होता. लांबूने चहा टाकला. दुधाचं भांडं उतरवताना त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. हे त्याच्या लक्षात आलं आणि तो जरा सावकाशच उतरवू लागला.

खारू बाहेरच्या खोलीत कोचावर जाऊन बसली होती. मधलं दार उघडं होतं. तिथून तिने दोन-तीनदा आपलं मत दिलं. देवमासा चालेल, पण सकाळी नको. मग मत येणं बंद झालं.

“खारू, तुला कुठली बाजू, रस्त्याकडची खोली की मागची?” आत्याने विचारलं.

उत्तर आलं नाही. आईने मान वळवून पाहिलं. पोरगी कोचावर आडवी झाली होती, एक पाय खाली लोंबत होता, तोंड अर्धं उघडं. इतक्यात शंकासुराचं कोपर लागून बिस्किटांची स्टीलची ताटली खाली पडली आणि फरशीवर गोल गोल फिरत, खणखणत बराच वेळ आडवी होईना. सगळ्यांचे श्वास रोखले गेले. खारूच्या पापणीचा केससुद्धा हलला नाही.

“मेली की काय?” शंकासुराने कुजबुजत विचारलं.

“झोपलीय,” आई म्हणाली. “आणि कुजबुजू नकोस. नेहमीसारखं बोला सगळ्यांनी. चालू दे.”

उन्हं उतरल्यावर आत्या निघाली. शंकासुराला शेजारणीकडे सोडून तिला संध्याकाळच्या पाळीला जायचं होतं. लांबू म्हणाला, “मी थांब्यापर्यंत सोडून येतो,” आणि चप्पल घालून उभा राहिला. आईने कोचाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“ये जाऊन,” ती म्हणाली.

थांबा तसा जवळच होता. आत्याने बस चालवणाऱ्या आपल्या सहकाऱ्याला थोपवून धरलं आणि चढता चढता लांबूच्या केसांत हात घालून ते विस्कटले. परत येताना तो सरळ आला नाही. बागेच्या बाजूने लांबचा रस्ता धरला, एका दुकानाची काच बघत उभा राहिला, बाकावर थोडा वेळ बसला. कुणी त्याच्या मागे नव्हतं. रस्त्यावरच्या माणसांना तो कोण हे ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं.

दार बाबांनी उघडलं. लांबू काही बोलणार तेवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

कोचावर खारू तशीच झोपलेली होती. तिचे पाय आता आईच्या मांडीवर होते, आणि आईची मान मागे कलली होती, कोचाच्या पाठीवर. तिचा फोन खाली गालिच्यावर पालथा पडला होता. तिच्या बोटांतून तो केव्हा सुटला, हे तिला कळलेलं नव्हतं.

“कधीपासून?” लांबूने ओठ हलवून विचारलं.

“तू गेलास आणि लगेच,” बाबा हळूच म्हणाले. “मी बसलोय इथे. तू जा, हातपाय धुऊन पड जरा.”